कॉलनीची शास्त्रशुद्ध हद्द

भाऊसाहेबांचं म्हणणं एवढंच होतं, की ज्या माणसानं सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे प्रबंध तपासले, त्याला प्रबंध लिहिता येणार नाही असं म्हणणं म्हणजे सुताराला लाकूड कळत नाही म्हणण्यासारखं आहे. आता तपासले म्हणजे वाचले, असा अर्थ कुणी घेऊ नये. भाऊसाहेब विद्यापीठाच्या संशोधन विभागात हेडक्लार्क. डावीकडचा समास चार सेंटिमीटर आहे का, पानांचे आकडे खाली मधोमध आहेत का, मार्गदर्शकाची सही निळ्या शाईत आहे का, हे ते पट्टी लावून बघत आणि नसलं तर 'त्रुटी' अशी लाल चिठ्ठी जोडून प्रबंध परत पाठवत. मोठमोठ्या विद्वानांना त्यांनी समासावरून रडवलं होतं.

त्यांच्या टेबलामागं काचेची चार कपाटं होती. आत हजारभर प्रबंध उभे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत कुणा ना कुणाचं नाव. भाऊसाहेबांचं नाव त्या खोलीत एकाच ठिकाणी होतं, ते म्हणजे हजेरीपटावर. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि त्यांना त्या कपाटात आपलं नाव हवं होतं. पगारवाढ नको, सत्कार नको, कपाटातली दोन इंच जागा हवी होती. म्हणून त्यांनी प्रदेश-अभ्यास विभागात पदव्युत्तर संशोधनासाठी नाव घातलं. प्रदेश-अभ्यास म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण वर्ग संध्याकाळी सहाला असतो हे माहीत होतं.

तर प्रदेश-अभ्यास म्हणजे एखादा प्रदेश निवडायचा आणि तिथली माणसं, भाषा, बाजार, भांडणं, सगळं चहूबाजूंनी तपासायचं. त्याआधी 'सिद्धांत आणि पद्धती' नावाचा सक्तीचा पेपर, आणि मग समितीपुढं संशोधनाचा आराखडा मांडायचा. भाऊसाहेबांनी पहिल्या वेळी नकाशात बोट ठेवून समुद्राच्या मधोमधचा एक बेटांचा देश निवडला. समितीनं विचारलं, "तिथली भाषा येते?" भाऊसाहेब म्हणाले, "शिकेन." "कधी गेला आहात?" भाऊसाहेब म्हणाले, "रजा शिल्लक आहे." आराखडा नापास झाला. नियमाप्रमाणे संधी दोनच. दुसऱ्यांदा नापास झालं की नोंदणी रद्द, आणि पुन्हा नोंदणी नाही. हा नियम भाऊसाहेबांनीच बारा वर्षांपूर्वी मसुदा करून मंजूर करून घेतला होता, आणि तो किती जुलमी आहे हे त्यांच्या आजच लक्षात येत होतं. दुसरी संधी होती महिनाअखेरच्या शुक्रवारी. हातात तीन आठवडे होते.

"असला लांबचा देश सोडला कशाला?" वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले. ते रोज संध्याकाळी पेपर परत करायला येत आणि चहा घेऊन जात. "अहो, संशोधन नेहमी लांबच्या प्रदेशावर करावं. आपण काय लिहिलंय ते वाचायला तिथली माणसं येत नाहीत."

या सल्ल्यात केवढं शहाणपण होतं ते पुढं कळलं. पण त्या वेळी भाऊसाहेबांना राग आला, कारण तोवर त्यांच्या मार्गदर्शक मॅडमनी जवळचा विषय सुचवला होता. मॅडम त्यांच्या निम्म्या वयाच्या. त्यांचा स्वतःचा प्रबंध भाऊसाहेबांनी समासासाठी तीनदा परत पाठवला होता, आणि त्या ते विसरल्या असाव्यात अशी भाऊसाहेबांची आशा होती.

"सर, तुम्ही राहता ती कॉलनीच घ्या की," मॅडम म्हणाल्या. "छोटा प्रदेश, ओळखीचा, भाषेची अडचण नाही. फक्त आधी एक ठरवा. तुमची कॉलनी संपते कुठे?"

"गेटाशी."

"असं कोण म्हणतं?"

"गेट म्हणतं! गेट असतं कशासाठी?"

"गेट कुणी बसवलं? केव्हा? त्या आधी कॉलनी कुठवर होती? सर, प्रदेश जमिनीवर नसतो, तो माणसांच्या डोक्यात असतो. आपल्या शास्त्रातला पहिला प्रश्न हाच. मागच्या वेळी तुम्ही समास सोडून बाकी कशातच चूक काढली नव्हतीत," मॅडम हसून म्हणाल्या, "मी तसं करणार नाही."

म्हणजे विसरल्या नव्हत्या. घरी येईपर्यंत भाऊसाहेब बसमध्ये शेजारच्याला ऐकू जाईल इतपत पुटपुटत होते. प्रदेश डोक्यात असतो! मग पाइपलाइन डोक्यातून टाकतात का? घरपट्टी डोक्याची भरतात का? त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, दार उघडलं आणि चेहरा बघून न विचारता चहा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कामाला सुरुवात केली. पद्धतींच्या पुस्तकात 'सहभागी निरीक्षण' नावाची पद्धत होती, म्हणजे लोकांच्यात मिसळून राहायचं आणि बघितलेलं टिपून ठेवायचं. भाऊसाहेब सकाळी वही घेऊन जिन्यात उभे राहिले. 'सात दहा : पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ दूध घेऊन वर गेले. सात बारा : तेच गृहस्थ खाली. सात चाळीस : वर. कारण अज्ञात.' ही वही दोन दिवस जिन्याच्या कठड्यावर राहिली, ती त्या गृहस्थांच्या बायकोनं वाचली, आणि कारण अज्ञात हे शब्द तिनं चांगलेच मनावर घेतले. गृहस्थ फक्त खाली जाऊन सिगारेट ओढत होते, पण ती त्यांनी चार वर्षांपूर्वी सोडलेली होती. त्यांनी भाऊसाहेबांशी बोलणं टाकलं. भाऊसाहेबांना हे अत्यंत अन्यायाचं वाटलं, कारण त्यांनी सिगारेटचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

मग त्यांनी ती पद्धत सोडली आणि सरळ प्रत्येकाला विचारायला लागले, आपली कॉलनी कुठं संपते. चौदा जणांना विचारलं आणि चौदा हद्दी मिळाल्या. कॉलनीचे चेअरमन म्हणाले, "कंपाउंडच्या आत ती कॉलनी, बाहेर ते बाहेरचे. यात संशोधन कसलं?" पोस्टमन म्हणाला, पत्त्यात कॉलनीचं नाव असतं ती सगळी कॉलनी, आणि मागच्या गल्लीतले लोकही तेच नाव लिहितात. बँक मॅनेजर म्हणाले, बाग आत धरा, बागेमुळं वजन वाढतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दवाखाना आत आणि तिथं येणारे पेशंट बाहेर, अशी सोय सुचवली.

"मला नाही विचारलंत ते," वहिनी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या.

"बरं, तू सांग."

"मी गाउनवर जिथवर जाते तिथवर माझी कॉलनी. मागच्या गल्लीत शिंप्याकडं मी गाउनवर जाते. समोर मेन रोडवर जायचं तर कपडे बदलते."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे विद्यापीठाचं संशोधन आहे," ते म्हणाले, "त्यात गाउन बसत नाही." आणि त्यांनी ती नोंद केली नाही.

चौदा हद्दींचा घोळ निस्तरायला त्यांनी अखेर कचेरीतला मार्ग धरला. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि आपल्याला हवं ते करायचं. एका कागदावर त्यांनी कॉलनीचा नकाशा काढला. उत्तरेला मेन रोड, पूर्वेला बाग, पश्चिमेला दवाखाना, आणि दक्षिणेला कंपाउंडची मागची भिंत. त्या भिंतीत एक छोटं फाटक होतं. पलीकडं मागची गल्ली : शिंपी, पिठाची गिरणी, सायकलवाला आणि पंधरावीस घरं. मॅडमनी सांगितलं होतं की ज्यांचा अभ्यास करणार त्यांना आधी कळवावं आणि कुणाकुणाला प्रश्न विचारणार ते स्पष्ट लिहावं. भाऊसाहेबांना प्रश्नावली फक्त भिंतीच्या अलीकडच्या अठ्ठेचाळीस घरांत भरून घ्यायची होती. एवढंच. मनात पाप नव्हतं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मशिनवर पत्र टाइप केलं :

'विषय : कॉलनीची हद्द निश्चित करणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सोबतच्या नकाशात दर्शविलेली हद्द अंतिम समजण्यात येईल. सदर हद्दीबाहेरील रहिवाशांचा कोणत्याही प्रकारे विचार केला जाणार नाही, याची नोंद घ्यावी.'

सत्तावीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुठल्या भाषेत पत्र लिहिलंच नव्हतं. लग्न ठरल्यावर वहिनींना पाठवलेल्या पहिल्या पत्रातसुद्धा 'आपले दिनांक अमुकचे पत्र पावले' असं होतं. आणि दुसरी गोष्ट सवयीची. टाइप केलेला कागद समोर आला की त्यांचा हात आपोआप उजवीकडं जाई. पन्नास प्रतींवर त्यांनी जावक क्रमांक घातला, तारीख घातली आणि खाली विद्यापीठाचा गोल शिक्का मारला. मग एक प्रत कॉलनीच्या फलकावर लावली आणि समाधानानं घरी जाऊन जेवले.

त्यांनी तो कागद अभ्यासाचा म्हणून लावला. लोकांनी तो हुकूम म्हणून वाचला.

चेअरमन तर गेली सहा वर्षं अशा कागदाचीच वाट बघत होते. मागच्या गल्लीतले लोक कॉलनीतून बस स्टॉपला जातात हे त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं, पण अडवायला आधार नव्हता. आता शिक्क्याचा आधार मिळाला. सोमवारी सकाळी मागच्या फाटकाला कुलूप लागलं. मंगळवारी चेअरमननी कचरागाडीच्या ड्रायव्हरला नकाशा दाखवला. ड्रायव्हर म्हणाला, "लेखी आलंय म्हटल्यावर माझी काय हिंमत," आणि गाडी मागच्या गल्लीत न वळवता निघून गेला. एक वळण वाचलं म्हणून तो खूशच होता. बुधवारपर्यंत गल्लीच्या तोंडाशी पिशव्यांचा ढीग झाला, आणि बस गाठायला लोकांना बागेला वळसा घालून पंधरा मिनिटं चालावं लागू लागलं.

भाऊसाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते सकाळी पुढच्या गेटानं जात आणि संध्याकाळी पुढच्या गेटानं येत. सिद्धांताच्या पुस्तकात मान घालून ते 'प्रदेशाची घडण' हे प्रकरण तिसऱ्यांदा वाचत होते आणि तिसऱ्यांदा त्यांना ते कळत नव्हतं, तेवढ्यात बेल वाजली आणि मागची गल्ली आत आली. अकरा जण होते. सोफ्यावर चार, खुर्च्यांवर तीन, बाकीचे उभे. पुढं शिंपी, आणि त्याच्याशेजारी त्याची मुलगी. ती पदवी घेऊन आता गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. तिच्या हातात वही होती.

"साहेब," शिंपी म्हणाला, "बावीस वर्षं तुमचे कपडे शिवतोय. मी बाहेरचा कधी झालो?"

"अहो, बाहेरचा म्हणजे फक्त नमुन्याच्या बाहेरचा! ती पद्धत आहे. शास्त्रात असं मर्यादित करावंच लागतं."

"शास्त्रात कचरा उचलत नाहीत का?" गिरणीवाल्या बाई म्हणाल्या.

"त्याचा माझा काय संबंध? मी गाडीबद्दल अक्षर लिहिलेलं नाही!"

"'कोणत्याही प्रकारे विचार केला जाणार नाही,'" शिंप्याच्या मुलीनं वहीतून वाचून दाखवलं. "यात गाडी येते, काका. सगळंच येतं. एक विचारू? ही हद्द तुम्ही शोधून काढली, की आखली?"

भाऊसाहेब ताडकन उभे राहिले. हाच प्रश्न मॅडमनी विचारला असता तर समजू शकलो असतो, असं त्यांना वाटलं. आपल्याच घरात, आपल्याच सोफ्यावर बसून, आपण फी भरून शिकतोय ते या मुलीला फुकट यावं, याचा त्यांना भयंकर संताप आला. "मी कायदेशीर दुरुस्ती करतो," ते म्हणाले. मुलीनं तेही लिहून घेतलं. आतून वहिनींनी अकरा कप चहा पाठवला, ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शुद्धिपत्रक काढलं. 'मूळ पत्रातील "अंतिम" हा शब्द "तूर्त अंतिम" असा वाचावा.' यापेक्षा मवाळ शब्द त्यांच्या कोशात नव्हता. पण आगीत तेल पडलं. मागच्या गल्लीचं काही सुटलं नाहीच, वर कॉलनीतल्या शेवटच्या इमारतीत घबराट उडाली, की हद्द तूर्त असेल तर उद्या आणखी आत सरकणार आणि आपण बाहेर पडणार. चेअरमनकडं रीघ लागली. नकाशातली रेघ भाऊसाहेबांनी जाड पेननं काढल्यामुळं ती नीट बघितल्यास तळमजल्यावरच्या एका घरातून जात होती. त्या घरच्या आजीबाई काठी टेकत वर आल्या आणि म्हणाल्या, "माझं स्वयंपाकघर आत आणि पलंग बाहेर आलाय. मी झोपू कुठं ते लिहून दे."

बँक मॅनेजर पेपर परत करायला आले होते. ते म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, बेटांचा देश बरा." भाऊसाहेबांनी त्यांना त्या दिवशी चहा विचारला नाही.

मग तक्रार ऑफिसात पोचली. शिक्का विद्यापीठाचा, म्हणून मागच्या गल्लीनं सत्तेचाळीस सह्यांचा अर्ज विद्यापीठाला केला. ज्युनिअर क्लार्क तो घेऊन भाऊसाहेबांपुढं उभा राहिला. पद्धत अशी, की संशोधन विभागाविरुद्धचा कुठलाही अर्ज आधी हेडक्लार्ककडं अभिप्रायासाठी जायचा. "सर, तुम्हीच शिकवलंय," तो खाली बघत म्हणाला, "अर्ज कुणाविरुद्ध आहे ते न बघता अभिप्राय लिहायचा." भाऊसाहेबांनी दात-ओठ खात पेन उचललं आणि समासात लिहिलं : 'संबंधित कर्मचाऱ्याचे वर्तन बेजबाबदार दिसते. त्यास समज द्यावी.' सही केली. मग तो कागद वर गेला, तिथून शेरा होऊन खाली आला, आणि चार वाजता भाऊसाहेबांनी भाऊसाहेबांना लेखी समज दिली आणि पोच घेतली. शिक्का कपाटात गेला, कॉलनीतला कागद मागं घेण्यात आला असं विद्यापीठानं चेअरमनना कळवलं. फाटकाचं कुलूप निघालं. ड्रायव्हर मात्र हे वळण परत सुरू करायला लेखी लागेल म्हणून आणखी दोन दिवस अडून बसला.

शुक्रवार उजाडला. आराखडा मांडायच्या दिवसासाठी भाऊसाहेबांनी तीन आठवडे आधी नवी पँट कंबरेला सैल करायला वहिनींच्या हाती शिंप्याकडं पाठवली होती, ती आणायला ते स्वतःच निघाले. वहिनी गेल्या असत्या, पण त्यांनी सांगितलं, "तुमची हद्द, तुम्ही ओलांडा." बावीस वर्षांत भाऊसाहेब त्या फाटकातून पहिल्यांदाच गेले. पलीकडं दहा पावलांवर दुकान. शिंप्यानं पँट आधीच इस्त्री करून ठेवली होती. त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

"साहेब, रागावू नका, एक सांगतो. तुमच्या इमारती बांधायला आले ते गवंडी आमच्या गल्लीत राहायचे. कॉलनी नव्हती तेव्हा गल्ली होती. तुम्ही आम्हाला मागची गल्ली म्हणता. आमच्यात तुमच्या कॉलनीला मागच्या बिल्डिंगी म्हणतात."

भाऊसाहेब पँट घेऊन उठले. रस्ताभर त्यांना कुणावर रागवावं ते सुचेना, आणि त्याचाही त्यांना राग आला.

समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हणून एक वृद्ध प्राध्यापक, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, जे डोळे मिटून ऐकत किंवा झोपत, आणि मॅडम. टेबलावर भाऊसाहेबांचा आराखडा होता आणि त्याच्याशेजारी तो सत्तेचाळीस सह्यांचा अर्ज.

"आराखड्यात म्हटलंय की कॉलनीची हद्द निश्चित आहे," अध्यक्ष म्हणाले, "आणि अर्जात म्हटलंय की ती तुम्ही तयार केली. खरं काय?"

इथं भाऊसाहेबांचा बांध फुटला. पाठ केलेली वाक्यं बाजूला राहिली आणि तीन आठवड्यांचं सगळं बाहेर आलं. जिन्यातली वही, सिगारेट, चौदा हद्दी, आजीबाईंचा पलंग, ड्रायव्हरचं वळण, 'तूर्त अंतिम', स्वतःलाच दिलेली समज. शिंप्याच्या मागच्या बिल्डिंगी सांगितल्या. भरात त्यांनी वहिनींचा गाउनसुद्धा सांगितला. "एका साध्या कागदावरून!" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "माणसं एका कागदावरून कुलपं लावतात! मी लिहिलं काय आणि यांनी केलं काय! आणि दोष कुणाला, तर मला!"

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी डोळे उघडले होते. मॅडम भराभर लिहीत होत्या. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षांत," ते म्हणाले, "या विषयावर इतकं जिवंत मी काही ऐकलेलं नाही. एक शिक्का पडतो आणि प्रदेश तयार होतो. आणि तो गाउन! गाउन तर अप्रतिम आहे."

भाऊसाहेबांना क्षणभर कपाटातली ती दोन इंच जागा दिसली. तिघं कुजबुजले. मग अध्यक्षांनी निर्णय सांगितला.

"विषय मंजूर. उत्तम विषय आहे. पण एक अडचण आहे. या सगळ्या प्रकरणात मुख्य पात्र तुम्हीच आहात. जे घडलं ते तुम्ही घडवलंत. तुमचा अभ्यास तुम्हालाच कसा करता येईल? तेव्हा विषय मंजूर, संशोधक नामंजूर."

"म्हणजे? मग मी कोण?"

"तुम्ही माहितीचा स्रोत आहात," तज्ज्ञ आदरानं म्हणाले. "फार मौल्यवान."

"मला मौल्यवान व्हायचं नाही! मला संशोधक व्हायचंय!"

मॅडमनी त्यांच्या बाजूनं बोलून बघितलं, अगदी मनापासून. पण नियमात तिसरी संधी नव्हती, आणि तो नियम कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठराव टाइप करायला हेडक्लार्ककडंच आला. भाऊसाहेबांनी तो स्वच्छ टाइप केला. मग नोंदणीवही काढली आणि आपल्या नावावर पट्टी लावून लाल रेघ मारली. इतकी वर्षं इतक्या नावांवर त्यांनी ती मारली होती, पण पट्टी उचलायला कधी एवढा वेळ लागला नव्हता. ज्युनिअर क्लार्क दाराशी आला, बघितलं आणि परत फिरला.

भाऊसाहेब घरी गेले. आठवडाभर ते पेपरसुद्धा उलटा धरून वाचत होते.

त्यानंतर सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळी शिंप्याची मुलगी आली. मॅडमच्या हाताखाली तिनं संशोधनाला नाव नोंदवलं होतं. विषय तोच. तिच्याकडं त्या तीन आठवड्यांची वही तारीखवार लिहिलेली तयार होती, त्यामुळं आराखडा पहिल्या फेरीत पास झाला होता. भाऊसाहेबांना हे सगळं माहीत होतं, तिची कागदपत्रं त्यांच्याच टेबलावरून गेली होती. समास चार सेंटिमीटर होता, चूक निघते का म्हणून त्यांनी तो दोनदा मोजला होता.

"काका, तुमची मुलाखत हवी आहे," ती म्हणाली. "हे संमतीपत्र. तुम्ही नाही म्हणालात तर मी घेणार नाही. पण मग माझ्या प्रबंधाला अर्थ राहणार नाही."

भाऊसाहेबांनी चष्मा लावला. म्हणजे शेवटी सगळं आपल्या सहीवर येऊन थांबलं तर! त्यांना बरं वाटलं, आणि तितकाच रागही आला. कागद वाचत वाचत ते मधल्या ओळीशी थबकले. 'माहितीदाराचे नाव गुप्त ठेवण्यात येईल.'

"हे काय? नाव गुप्त कशाला? मी काय चोरी केलीय? पूर्ण नाव घाल! वडिलांचं नाव घाल, आडनाव घाल, हुद्दा घाल! कव्हरवर नाही तर निदान आत तरी येऊ दे!"

"नाही येत, काका. नियमच आहे. माणसांना फक्त क्रमांक."

भाऊसाहेबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग जरा घसा साफ करून म्हणाले, "ठीक आहे. माहितीदार क्रमांक एक. चालेल."

मुलगी अवघडली. "तुम्ही सात आहात."

"सात? हे सगळं माझ्यामुळं झालं आणि मी सात?"

"मुलाखती ज्या क्रमानं झाल्या तसे नंबर. चेअरमन एक, ड्रायव्हर दोन, काकू तीन..."

"काकू म्हणजे कोण काकू?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. भाऊसाहेबांनी मान वळवली. "तू? केव्हा?"

"मंगळवारी. तुम्ही ऑफिसात होता," वहिनी दारात येऊन म्हणाल्या. "दोन तास घेतले तिनं. चार कॅसेटी भरल्या असत्या पूर्वीच्या काळी."

"काय सांगितलंस दोन तास?"

"ते गुप्त आहे," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

भाऊसाहेब वहिनींच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिले. पंचवीस वर्षं संसार करून त्यांनी वहिनींना दोन तास सलग काही विचारलं नव्हतं, आणि आज विचारायचं झालं तर नियम आडवा येत होता. मुलीनं वही उघडली. पहिला प्रश्न तिनं हळूच विचारला, "काका, तुम्हाला हा प्रबंध लिहायचा का होता?"

हे त्यांना कुणीच विचारलेलं नव्हतं. मॅडमनी नाही, समितीनं नाही, वरच्या मॅनेजरांनी नाही. त्यांनी संमतीपत्र पुढं ओढलं, निळ्या शाईत सही केली, आणि खुर्चीत नीट सरसावून बसले.

"सगळं लिहून घे," ते म्हणाले. "मधे थांबवू नकोस."

आणि माहितीदार क्रमांक सात बोलायला लागले.